घराण्याचं बोट

दुपारची जेवणं उरकली, ताटं आत गेली, आईने टेबल पुसून कोरडं केलं आणि अप्पांनी चमच्याने पाण्याच्या ग्लासवर दोनदा वाजवलं. अर्धी लॅपटॉप घेऊन टेबलाच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. आता सुटका नव्हती.

परीक्षेला किंवा मुलाखतीला जाणाऱ्या माणसाला आदल्या दिवशी या टेबलापाशी उभं करायचं, हा या घराचा जुना नेम. अर्धीचे आजोबा अप्पा अध्यक्ष, बाकीचे परीक्षक. उमेदवाराने सगळ्यांना सर आणि मॅडम म्हणायचं, मध्ये पाणी मागायचं नाही. अर्धीचे बाबा, म्हणजे अप्पांचे चिरंजीव आणि सगळ्यांचे सर, रक्तवाहिन्यांचे सर्जन होण्याआधी इथेच घामाघूम झाले होते. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आत्या, हृदयरोगतज्ज्ञ होण्याआधी इथेच रडली होती. आईला तर लग्न ठरण्याआधीच उभं केलं होतं. तिला भुलीच्या औषधांवर प्रश्न विचारले गेले, ती पास झाली, म्हणून पुढचं सगळं झालं. नापास व्हायला काय हरकत होती, असं तिला अजूनही अधूनमधून वाटे.

अर्धीला ‘अर्धी’ हे नाव सरांनीच दिलेलं. आठवड्यातले निम्मे दिवस ती ऑपरेशन थिएटरमध्ये असे आणि निम्मे दिवस संशोधनात. हॉस्पिटलात या प्रकाराला भारदस्त पदनाम होतं, पण सरांच्या मते ती अर्धी सर्जन होती. पुढे त्यातला सर्जन गळून पडला आणि अर्धी तेवढी उरली. उद्या सकाळी तिची विद्यापीठाच्या व्याख्यातेपदासाठी मुलाखत होती. जागा एकच. मिळाली तर ऑपरेशनं आणि संशोधन दोन्ही चालू राहणार. नाही मिळाली तर संशोधनाला कायमची कडी, आणि मुक्काम पोस्ट सरांचं युनिट. सरांनी तिथलं एक कपाट आधीच रिकामं करून ठेवलं होतं. याला ते प्रोत्साहन म्हणत.

“उमेदवाराने सुरुवात करावी,” अप्पा म्हणाले. त्यांनी डावा पाय समोरच्या स्टुलावर ठेवला होता. पायात जाड लोकरी मोजा होता, उजव्या पायात नव्हता.

पहिल्या चार स्लाइड सुरळीत गेल्या. पायाची धमनी बंद पडली की रुग्णाचीच एखादी शीर घेऊन रक्ताला बाजूने नवी वाट करून द्यायची, हे बायपास या घरात लहान मुलांनाही पाठ होतं. सर मान डोलावत होते. आत्याने तर “छान, आवाज स्वच्छ आहे,” अशी दादही दिली. मग पाचवी स्लाइड आली.

“बायपास चालू आहे की बंद पडलाय हे ओळखायला सर्जन पावलावर बोट ठेवून नाडी बघतो,” अर्धी म्हणाली. “आम्ही सहा हॉस्पिटलांत तपासलं. सकाळी राउंडला सर्जनने बोट ठेवून चालू की बंद ते सांगायचं. लगेच नंतर तंत्रज्ञाने सोनोग्राफीने रक्ताचा प्रवाह बघायचा. सर्जन काय म्हणाला ते तंत्रज्ञाला माहीत नसे. पाचातल्या एका पायात बोट म्हणालं चालू, आणि बायपास बंद होता.”

सरांची मान डोलायची थांबली.

“आणि ऑपरेशन ज्याने केलं त्याचंच बोट असेल,” ती पुढे म्हणाली, “तर त्याला नाडी जास्त वेळा लागते.”

आत्या हसली. तिला हे फारच आवडलं. एवढी वर्षं सगळ्या समारंभांत तिची ओळख ‘सरांची बहीण’ अशी करून दिली जात होती. संशोधनासाठी निधी आणणारी ती, विभागाच्या इमारतीला पंखे आणि प्रयोगशाळेला यंत्रं आणणारी ती, आणि भाषण मात्र दादाच्या बोटावर. अप्पांनी शिकवलेलं, दादाने गाजवलेलं, ‘आधी बोट’ या नावाने शिबिरं भरवून देशोदेशीच्या पोरांना विकलेलं ते बोट. भाचीने त्याला हात घातला हे बघून आत्याला तिच्याबद्दल अचानक माया दाटून आली.

“उत्तम काम आहे,” ती म्हणाली. “दादा, तुझं काय मत?”

“मशीन कोण चालवत होतं?” सरांनी विचारलं.

“अनुभवी तंत्रज्ञ, सर.”

“तंत्रज्ञ.” सरांनी तो शब्द घशात अडकलेल्या काट्यासारखा बाहेर काढला. “आणि कोणत्या सर्जनची बोटं?”

“नावं गुप्त आहेत, सर. प्रत्येकाला नंबर दिलाय.”

“मी आहे त्यात?”

“तुम्ही संमतीपत्रावर सही केली होतीत.”

सही केली होती हे खरं. सर आलेला कागद वाचून सही करणाऱ्यांतले नव्हते. लेकीने पुढे केलेला कागद म्हणजे रजेचा अर्ज असणार, असं त्यांनी धरलं होतं.

“ही स्लाइड उद्या दाखवायची नाही,” ते म्हणाले.

“का पण?” आत्या म्हणाली. “तिच्या कामाचा जीवच तो आहे. दादा, तुझ्या मानपानासाठी पोरीने जागा घालवायची का? मी हिच्या बाजूने आहे.”

अर्धीने आत्याकडे कृतज्ञतेने पाहिलं आणि, वय लहान असल्यामुळे, सहावी स्लाइड लावली. बायपासवरच्या ज्या जुन्या अभ्यासांत नुसत्या बोटाने तपासणी झाली होती ते पुन्हा तपासायला हवेत, असं त्यात लिहिलं होतं. खाली त्या अभ्यासांची नावं होती.

आत्याने चष्मा लावला, तिसरी ओळ वाचली आणि चष्मा काढला. बायपास उघडा ठेवणाऱ्या गोळीवरचा तिचा तो गाजलेला अभ्यास. त्यावर तिला प्राध्यापकपद मिळालं होतं. गोळी तिची होती, रुग्णही तिचे होते, पण पायांची तपासणी दादाने केली होती. बोटाने.

“तरी एक आहे,” आत्या सावकाश म्हणाली. “मुलाखतीत फार टोकाचं बोलू नये. पॅनेलवर जुनी माणसं असतात. दादा म्हणतोय त्यात तथ्य आहे.”

“आत्ताच तुम्ही माझ्या बाजूने होतात,” अर्धी म्हणाली.

“मॅडम,” अप्पांनी आठवण करून दिली.

“आत्ताच तुम्ही माझ्या बाजूने होतात, मॅडम.”

“मी तुझ्याच बाजूने आहे गं. म्हणून तर सांगतेय.”

आई काही बोलली नव्हती. जन्मभर भूल देणाऱ्या बाईला गप्प बसण्याची सवय असते. सर्जन बोलतात, भांडतात, गाणी म्हणतात, आणि ती डोक्याशी बसून यंत्राची टिकटिक ऐकते. तिला लेकीचं पटत होतं आणि नवऱ्याबरोबर संध्याकाळही काढायची होती. आजवर दरवेळी या दोन्हींत संध्याकाळ जिंकत आली होती.

“पाचवी आणि सहावी काढली तर उरतं काय?” तिने विचारलं.

“प्रस्तावना,” अर्धी म्हणाली. “आणि आभार.”

“आभारात मी आहे का?”

“आहेस.”

“मग तेवढं तरी राहू दे,” आई म्हणाली, आणि आपण पुन्हा थट्टेवर नेलं याचा तिला मनातून राग आला.

अप्पांनी ग्लास वाजवला. सगळे त्यांच्याकडे वळले. खरं म्हणजे ते मघापासून ऐकत नव्हते. डाव्या पावलात कुणीतरी सुया टोचत असल्यासारखं होत होतं आणि चेहरा सरळ ठेवण्यातच त्यांची सगळी शक्ती खर्च होत होती. या पायाचा बायपास सरांनी स्वतः केला होता. घरच्या माणसावर सर्जनने सुरी धरू नये, हे अप्पांनीच चार पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना शिकवलेलं. पण घरातला पाय बाहेर द्यायचा म्हणजे घराण्याचं नाक जायचं. पायापेक्षा नाक वाचवलेलं बरं, असं तेव्हा दोघांनाही वाटलं होतं.

“अध्यक्षांचा निर्णय,” ते म्हणाले. “स्लाइड काढ.”

“आजोबा, ती काढली तर मला तिथे जायचंच कारण राहत नाही.”

“मग युनिटमध्ये ये,” सर म्हणाले. “पूर्ण हो. अर्धं राहून कुणाचं भलं झालंय?”

अर्धीचा आवाज चिरकला. टेबलापाशी हे होऊ द्यायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पण झालं. “पाचातल्या एका माणसाचा पाय बंद पडलेला असतो बाबा, आणि त्याला सांगतात की सगळं मस्त आहे. तो घरी जातो. मग पाय काळा पडल्यावर परत येतो आणि आपण तो कापतो. मी त्यांतले तीन स्वतः कापलेत. मला ते उद्या सांगायचंय. तुमच्याविरुद्ध नाही सांगायचं, नुसतं सांगायचंय.”

लेक रडवेली झाली की सरांना आत कुठेतरी लागायचं, आणि लागलं की ते व्याख्यान द्यायचे.

“बोट चुकतं ते बोट नवशिक्याचं असतं,” ते उठले. “आत्ता दाखवतो. अप्पांचा बायपास मी केला. रोज सकाळी चहाआधी मी नाडी बघतो, विचार त्यांना. एक दिवस चुकवला नाही. अप्पा, मोजा काढा.”

“राहू दे,” अप्पा म्हणाले.

“राहू दे काय. शास्त्राचा प्रश्न आहे.”

“गार वाटतं मोजा काढला की.”

पण सर तोवर गुडघ्यावर बसले होते. त्यांनी मोजा उतरवला आणि पावलाच्या वरच्या बाजूला दोन बोटं टेकवली. डोळे मिटले. हा त्यांचा प्रसिद्ध चेहरा होता. शिबिराच्या पत्रकावर तोच छापला जाई.

“लागली,” ते म्हणाले. “भरदार. बघा, मी वाजवून दाखवतो.” आणि डाव्या हाताने त्यांनी टेबलाच्या पायावर ठेका धरला. टक, टक, टक, टक.

आईने ते ऐकलं. तिला ऐकायचं नव्हतं, पण कान तेवढ्यासाठीच तयार झालेले. घड्याळासारखा एकसारखा ठेका. आणि अप्पांच्या हृदयाचे ठोके कित्येक वर्षं बेताल पडत होते. दोन पडायचे, मग एक दांडी, मग तीन घाईघाईने. त्यावरच्या गोळ्या आत्याच लिहून देई आणि आई रोज रात्री हातावर ठेवी. असल्या हृदयाची नाडी कुठेही बघितली, मनगटाला, मानेला, पायाला, तरी ती बेतालच लागायला हवी.

तिने काही न बोलता अप्पांचं मनगट हातात घेतलं.

टक, टक, टक, टक, असं सरांचं चालू होतं. आईने दुसऱ्या हाताने टेबलावर अप्पांच्या मनगटाचा ठेका धरला. टक टक. मग काहीच नाही. टकटकटक. पुन्हा काही नाही. टक.

दोन्ही ठेके एकाच खोलीत काही वेळ वाजत राहिले. आत्याने हळूच तोंडावर हात ठेवला. या टेबलाभोवती बसलेल्या कुणालाही समजावून सांगायची गरज नव्हती. सर ज्या माणसाची नाडी मोजत होते ते अप्पा नव्हते. बोट जोराने दाबलं की बोटाच्या टोकाला आपलीच नाडी लागते, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही बजावून सांगतात. सर रोज सकाळी चहाआधी स्वतःचीच तब्येत बघून खूश होत होते.

“अहो,” आई म्हणाली. “हात काढा.”

सरांचा ठेका थांबला.

अर्धीने बॅगेतून खिशात मावणारं डॉपलर यंत्र काढलं, पावलावर जेल लावलं आणि यंत्राचं टोक टेकवलं. रक्त वाहत असेल तर त्यातून फूत्कारासारखा आवाज येतो. आता नुसती खरखर आली. तिने जागा बदलली, घोट्याच्या मागे पाहिलं, गुडघ्याखाली पाहिलं. खरखर. मग तिने यंत्र आजोबांच्या उजव्या पायाला लावलं, आणि तिथे आवाज आला, बेताल पण ठणठणीत. डावं पाऊल मेणासारखं पांढरं होतं आणि फरशीइतकं गार.

“हॉस्पिटलात जायचं,” आई म्हणाली. “आत्ता. गाडी मी चालवते.”

“आधी मी पुन्हा एकदा नीट बघतो,” सर म्हणाले.

“तुम्ही मागे बसा.”

तिने लग्नानंतर असं पहिल्यांदाच सांगितलं होतं. सर मागे बसले. आत्याने पुढची सीट घेतली आणि वाटभर फोनवर कुणाला तरी “नाही, माझा त्याच्याशी संबंध नाही, मी फक्त गोळ्या बघते,” असं सांगत राहिली.

अपघात विभागात सरांना बघून धावपळ उडाली. ड्यूटीवरचा रजिस्ट्रार सरांच्याच हाताखाली तयार झालेला. वर्षातला सर्वोत्तम शिकाऊ सर्जन म्हणून विभाग ब्राँझचं एक बोट बक्षीस देतो, ते गेल्या वर्षी यालाच मिळालं होतं. त्याने अप्पांना नमस्कार केला, पावलावर दोन बोटं टेकवली आणि डोळे मिटले. मग एक डोळा किंचित उघडून सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“लागतेय सर,” तो म्हणाला. “थोडी मंद आहे, पण लागतेय.”

सर त्याच्याकडे बघत राहिले. आपण चांगलं शिकवतो याबद्दल त्यांना कधी शंका नव्हती. ती आजही आली नाही.

“नाही लागत,” ते म्हणाले. “तुलाही नाही आणि मलाही नाही. बंद पडलाय. स्कॅन कर, आणि ड्यूटीच्या सर्जनना बोलाव. मी नाही, ड्यूटीवर आहेत त्या.”

ड्यूटीच्या सर्जनबाई आल्या. ‘आधी बोट’ शिबिराला एकदा त्या मागच्या रांगेतून प्रश्न विचारायला उभ्या राहिल्या होत्या, आणि तेव्हापासून सर त्यांच्याशी बोलत नव्हते. स्कॅन बघून त्यांनी सरांना सरळ विचारलं.

“गुठळी ताजी असेल तर काढता येईल आणि पाय वाचेल. जुनी असेल तर कठीण आहे. म्हणून मला एवढंच सांगा, शेवटचं नक्की चालू कधी होतं?”

“रोज सकाळी मी...” सर म्हणाले, आणि थांबले.

सगळे त्यांच्याकडे बघत होते. रजिस्ट्रार पेन घेऊन उभा होता. काल सकाळी चालू होतं असं सरांनी सांगितलं असतं तर ते त्याने लिहून घेतलं असतं, आणि त्यावर विसंबून आत सुरी चालली असती.

“माहीत नाही,” सर म्हणाले.

“अंदाजे?”

“अंदाजही नाही. माझं बघणं धरू नका. कधीचंच धरू नका.”

आत्या भिंतीवरचा रक्तदाबाचा तक्ता वाचू लागली.

“मंगळवारी,” ट्रॉलीवरून अप्पा म्हणाले.

“काय?”

“मंगळवारी आंघोळ करून बाहेर आलो आणि पाय एकदम गार पडला. तेव्हापासून दुखतोय. मला कुणी विचारलं नाही.”

“अप्पा, तुम्ही सर्जन आहात,” सर जवळजवळ ओरडले. “बोलला का नाहीत?”

अप्पांनी डोळे मिटून घेतले. त्यांना खूप दुखत होतं, आणि आता लपवायचं कारण उरलं नव्हतं.

“बुधवारी सकाळी तू आलास, बोट ठेवलंस आणि म्हणालास, भरदार चालू आहे,” ते म्हणाले. “मला वाटलं, मग दुखत नसणार.”

सर्जनबाईंनी ट्रॉली आत घ्यायला सांगितली. मंगळवार म्हणजे गुठळी ताजी होती, अजून आशा होती.

पुढचा वेळ सर आणि अर्धी थिएटरबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून होते. सरांना या खुर्च्या किती वाईट आहेत हे ठाऊक नव्हतं. आजवर ते दाराच्या दुसऱ्या बाजूला असत. आई आत डोकावून आली, आत्या घरी गेली. बाहेर अंधार पडू लागला तेव्हा सर्जनबाई मास्क खाली ओढत आल्या आणि गुठळी निघाली, पावलाला रंग आलाय, पाय वाचेल असं दिसतंय, एवढं बोलून परत गेल्या. सरांनी त्यांचे आभार मानले. शब्द जुळवायला जरा वेळ लागला, पण मानले.

अर्धी रडली. आवाज न करता, ओढणीत तोंड घालून, बराच वेळ. सरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि बोटं जोराने टेकतायत असं वाटून जरा सैल केला.

“ती स्लाइड पाचवी आहे,” ते म्हणाले.

“हो.”

“पाचवीपर्यंत पॅनेल पेंगतं. दुसरी कर. आत्याची यादी असलेली तिसरी.”

“आत्या बोलणार नाही माझ्याशी.”

“ती माझ्याशी तरी कुठे बोलते. दुसरी कर.”

तिने तिथेच मांडीवर लॅपटॉप उघडला आणि त्या दोन स्लाइड वर सरकवल्या. सर बघत होते. पडद्यावर आलेख होता. सहा हॉस्पिटलांतले सगळे सर्जन एका ओळीत, सगळ्यात कमी चुकणारा डावीकडे, सगळ्यात जास्त चुकणारा उजवीकडे, प्रत्येकाच्या खाली नुसता नंबर. सर उजव्या टोकाकडे एकटक बघत राहिले.

“हा शेवटचा मी असणार,” ते म्हणाले. आवाजात दुःख होतं, पण थोडी ऐटही होती. “सांग उद्या त्यांना. माझं नाव घेऊन सांग. सगळ्यात मोठ्या बोटाची सगळ्यात मोठी चूक, हे माझ्याच घरातून बाहेर येऊ दे. मला चालेल.”

“नाव सांगायचं नसतं, बाबा. नियम आहे.”

“मला तरी सांग. आज एवढं झाल्यावर.”

अर्धीने डोळे पुसले, त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग आलेखाच्या बरोबर मध्यावर, एकसारख्या उंचीच्या सात-आठ ठिपक्यांच्या गर्दीत बोट ठेवलं.

“इथे कुठेतरी,” ती म्हणाली.

सर बराच वेळ त्या ठिपक्यांकडे बघत होते. दुपारपासून त्यांनी बरंच काही सोसलं होतं. बायको मागे बसा म्हणाली, शिष्याने त्यांच्यादेखत खोटी नाडी लावून दाखवली, बापाचा पाय जाता जाता राहिला. हे सगळं त्यांनी ताठ मानेने घेतलं होतं.

“नीट बघ,” ते म्हणाले. “चूक झाली असेल.”